खुर्द्याचा हिशेब

अद्भुत कादंबरीच्या, म्हणजे इंग्रजीत जिला फँटसी म्हणतात तिच्या, परीक्षणात एक तक्रार ठरलेली असते: यात नवीन काही नाही. तोच शतकानुशतकं थडग्यात पडलेला दुष्ट सम्राट, तेच त्याचे ना जिवंत ना मेलेले सरदार, तीच भविष्यवाणी आणि तोच पुन्हा जन्म घेणारा तारणहार. एवढी यादी दिली की परीक्षकाचं काम संपतं. नवं ते चांगलं आणि ओळखीचं ते सदोष असं गृहीत धरून आपण पुस्तकं बाजूला टाकत जातो. मला ही सवय चुकीची वाटते, आणि युद्धावरच्या पुस्तकांच्या बाबतीत तर ती नुकसानच करते. युद्धाविषयी आपल्याला जे कळायला हवं ते पुष्कळदा ओळखीच्या गोष्टीतूनच कळतं. फक्त ती गोष्ट सांगणारा माणूस बदलावा लागतो.

याचा सर्वांत चांगला पुरावा माझ्या मते ग्लेन कुक या अमेरिकन लेखकाची 'द ब्लॅक कंपनी' ही कादंबरी. ती १९८४ साली आली. त्याच वर्षी 'शॅडोज लिंगर' हा दुसरा भाग आला आणि १९८५मध्ये तिसरा, 'द व्हाइट रोझ'. पुढे मालिका बरीच लांबली, पण माझं बोलणं या तीन पुस्तकांपुरतं, त्यातही मुख्यतः पहिल्याबद्दल आहे.

ब्लॅक कंपनी ही भाडोत्री शिपायांची जुनी पलटण. तिला देश नाही, राजा नाही; जो करार करील आणि पगार देईल त्याची चाकरी. स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ एकच आहे, ते म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आणलेली बखर. सध्या ती लिहिण्याचं काम पलटणीचा वैद्य क्रोकर करतो आणि कादंबरी म्हणजे त्याचंच लिखाण. बेरिल नावाच्या शहराच्या अधिपतीची नोकरी कंपनीला नकोशी झालेली असताना समुद्रापलीकडून एक दूत येतो आणि नवा करार पुढे करतो. उत्तरेत 'द लेडी' नावाच्या जादूगार सम्राज्ञीचं राज्य आहे. तिच्या हाताखाली दहा सरदार आहेत, एकेकाळचे बलाढ्य जादूगार, आता इच्छाशक्ती मोडून गुलाम केलेले. त्यांना 'टेकन' म्हणतात. कंपनीकडे आलेला सोलकॅचर हा दूत त्यांच्यापैकीच एक. लेडीचा नवरा डॉमिनेटर अजून थडग्यातच आहे, आणि तो तिथेच राहावा यातच जगाचं भलं आहे. फार पूर्वी 'व्हाइट रोझ' नावाच्या स्त्रीने या सगळ्यांना पुरलं होतं. ती पुन्हा जन्म घेईल अशी बंडखोरांची श्रद्धा आहे.

कंपनी करार करते आणि सम्राज्ञीच्या बाजूने बंडखोरांशी लढायला जाते. म्हणजे आपल्याला गोष्ट सांगणारा माणूस वाईट बाजूला आहे. त्याला ते पुरतं ठाऊक आहे. पण करार झालेला आहे, आजूबाजूची माणसं हेच त्याचं घर आहे, आणि टेकनच्या हातून निसटून कोणी फार लांब जात नाही.

यातला प्रत्येक सुटा भाग वाचकाने आधी पाहिलेला आहे. टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५मध्ये प्रसिद्ध झाली आणि नंतरची कितीतरी वर्षं इंग्रजी अद्भुत कादंबरी तिच्या सावलीत वाढली. कुकने या साच्याची टिंगल केली नाही, आणि मला हीच गोष्ट मोलाची वाटते. त्याच्याकडे डॉमिनेटर खरोखर दुष्ट आहे. त्याची बाजू समजून घेतली की तो बिचारा ठरतो असं काही होत नाही. भविष्यवाणी थोतांड निघत नाही. जादू म्हणजे शेवटी हातचलाखी होती असा खुलासा येत नाही. संकेत उलटेपालटे करून वाचकाला चकवणं हल्ली हुशारीचं लक्षण मानलं जातं, पण त्या चकव्याचा आनंद एकदाच मिळतो. कुकने सगळं जिथल्या तिथे ठेवलं आणि पाहणाऱ्याला राजसभेतून उठवून खंदकाच्या काठावर नेऊन बसवलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टॉल्किन म्हणजे स्वच्छ, परीकथेतलं युद्ध आणि कुक म्हणजे खरं युद्ध, अशी सरळ वाटणी करणं बरोबर नाही. टॉल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सोमच्या लढाईत संदेशवहनाचा अधिकारी होता, तिथेच त्याला खंदकज्वर झाला आणि त्या वर्षात त्याचे दोन जिवलग मित्र मारले गेले. त्याला युद्ध माहीत नव्हतं असं म्हणणं अज्ञान आहे. ज्या दलदलीत पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात, ती दलदल लिहिणाऱ्याला कुणी युद्ध शिकवायला नको. फरक असा, की टॉल्किनला युद्धातल्या त्यागाविषयी बोलायचं होतं आणि कुकला युद्धातल्या नोकरीविषयी. दोन्ही खरंच आहे. दुसऱ्याबद्दल लिहिलेलं मात्र फार कमी सापडतं.

कुक स्वतः अमेरिकी नौदलात होता आणि मरीन सैनिकांच्या टेहळणी तुकडीबरोबर त्याने काम केलं होतं. पुढे त्याने जनरल मोटर्सच्या कारखान्यात नोकरी केली आणि बरीचशी पुस्तकं तिथे जुळणीच्या कामावर असताना, मधल्या रिकाम्या क्षणांत लिहिली. सैन्यात आणि कारखान्यात, दोन्हीकडे त्याने एक गोष्ट पाहिली असणार: मोठ्या यंत्रणेत तळाला असलेल्या माणसाला वरचा हेतू सांगितला जात नाही, हुकूम सांगितला जातो. क्रोकरच्या लिखाणात हे पानोपानी आहे. लढाई का चालली आहे याबद्दल त्याचे तर्क असतात, खात्री नसते. वरचे टेकन एकमेकांचे पाय ओढत असतात. त्यातून कोणाचा डाव कुठे उलटला हे पलटणीला कळतं ते आपली माणसं मेल्यावर.

कादंबरीचं पहिलंच वाक्य पाहा. शकुन-अपशकुन भरपूर झाले होते, त्यांचा अर्थ आम्हीच चुकीचा लावला, असा त्याचा आशय आहे. अपशकुन हा अद्भुतकथेतला सर्वांत झिजलेला संकेत. एरवी तो वाचकाला पुढच्या संकटाची सूचना द्यायला येतो. इथे तो संकट येऊन गेल्यावर येतो, आणि आपल्याला आधी कळायला हवं होतं असं मागाहून म्हणणाऱ्या शिपायांच्या तोंडी येतो. ज्याने अपघातातून वाचलेल्या कोणाही माणसाला नंतर बोलताना ऐकलं असेल, त्याला हा सूर ओळखू येईल. संकेत तोच राहिला, पण एका वाक्यात त्याच्यामागे माणूस उभा राहिला. संकेत चांगला हाताळणं म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला सुचत नाही.

पलटणीतले दिवसही असेच लिहिलेले आहेत. लढाया थोड्या आणि वाट पाहणं फार. माणसं सतत टॉंक खेळतात, हा पत्त्यांचा डाव खराच आहे. वन-आय आणि गॉब्लिन हे कंपनीचे दोन म्हातारे जादूगार एकमेकांच्या खोड्या काढत असतात आणि सगळी पलटण ते भांडण करमणूक म्हणून पाहते. जादूगार हा प्रकार एरवी गूढ, पांढऱ्या दाढीचा, अर्धं बोलणारा असतो. इथे तो पत्त्यांत लबाडी करणारा सहकारी आहे, आणि म्हणूनच जेव्हा त्याला खरोखर भिडायची वेळ येते, तेव्हा तो मरेल की काय ही भीती खरी वाटते. चार्म इथल्या मोठ्या लढाईआधीची पानंही मला फार आवडतात. समोरून बंडखोरांची अफाट सेना येते आहे, आणि कंपनीचा कॅप्टन माणसांना खंदक खणायला लावतो. भाषण करत नाही. खणायला लावतो, आणखी खणायला लावतो.

आता एक प्रसंग जरा जवळून पाहू, कारण या कादंबरीचा कठोरपणा नेमका कुठे आहे हे त्यातून दिसतं. रेकर हा बंडखोरांचा नावाजलेला सेनानी. त्याला पकडायचं आहे. कंपनी रोझेस नावाच्या शहरात येते आणि भर चौकात संपत्तीचा ढीग मांडते. जादूने तो असा बांधून ठेवलेला आहे की कोणी हात लावू शकत नाही. जो रेकरचं डोकं आणून देईल, त्यालाच ढीग मिळणार. शहरातली माणसं येऊन तो पाहतात. रेकरचीही माणसं पाहत असणार. क्रोकर आणि त्याचे सोबती त्या गर्दीचे चेहरे न्याहाळतात.

एवढंच. तलवार उपसलेली नाही, पण रेकरचं सैन्य त्या क्षणापासून पोखरलं जायला लागतं. काल ज्याच्या शेजारी तो निर्धास्त झोपत होता, त्या प्रत्येकाकडे आज त्याला पाहावं लागतं. ध्येयासाठी लढणाऱ्या माणसावर पैशासाठी लढणाऱ्यांनी शोधून काढलेला हा उपाय आहे, आणि तो चालतो हेच त्यातलं भयंकर सत्य आहे. रेकरचं पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचावं. मला दाखवायचं आहे ते हे, की या प्रकरणातली क्रूरता रक्ताच्या वर्णनात नाही. ती योजनेत आहे, आणि ती योजना आपल्याला आवडत्या झालेल्या माणसांनी आखलेली आहे. वाचता वाचता आपणही मनात म्हणतो की डोकं छान चालवलं. मग लक्षात येतं की आपण कशाला दाद दिली.

युद्धाच्या कठोर कादंबऱ्यांवर, चित्रपटांवर, मालिकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की त्या हिंसेची चटक लावतात. तरुण मुलांच्या हाती हे द्यावं का, ग्रंथालयात ठेवावं का, असे प्रश्न पालक विचारतात आणि ते प्रश्न रास्त आहेत. कुकनंतर अशा कादंबऱ्यांची लाट आली. स्टीव्हन एरिक्सनसारख्या लेखकाने कुकचं ऋण उघडपणे मान्य केलं आणि त्यातून स्वतःचं मोठं काम उभं केलं. त्याची 'गार्डन्स ऑफ द मून' १९९९ची. पण पुष्कळांनी कुककडून फक्त चिखल आणि रक्त उचललं. पानोपानी मुंडकी उडवली, बलात्कार पार्श्वभूमीला लावले आणि त्याला वास्तव म्हटलं. त्याला मी वास्तव म्हणणार नाही. हिंसा किती दाखवली यावरून पुस्तक मोजू नये. हिंसा झाल्यावर पुस्तक तिथे थांबतं का, हे पाहावं. कुकचा निवेदक वैद्य आहे, ही त्याची फार विचारपूर्वक केलेली निवड असावी. लढाई संपली की बाकीचे बसतात आणि क्रोकरचं काम सुरू होतं. टाके घालायचे, कोण वाचेल कोण नाही हे ठरवायचं, आणि रात्री उरलेल्या वेळात मेलेल्यांची नावं लिहायची. योद्धा निवेदक असता तर प्रकरण विजयाशी संपलं असतं.

याच वैद्याच्या डोळ्यांसमोर घडणारा दुसरा प्रसंग सगळ्या मालिकेचा कणा आहे. साम्राज्याच्याच बाजूचे, लिंपर नावाच्या टेकनचे शिपाई एका उद्ध्वस्त गावात नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करत असताना कंपनीची माणसं तिथे पोचतात. रेवन हा कंपनीत नुकताच आलेला, आतून गोठलेला माणूस. तो मध्ये पडतो, क्रोकरही पडतो. मुलगी वाचते. ती बहिरी आणि मुकी आहे. रेवन तिला सोबत घेतो, पलटण तिला सांभाळते, तिचं नाव डार्लिंग पडतं.

यापुढचं रहस्य सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. ही मुलगीच व्हाइट रोझ आहे. जिचा जन्म रोखण्यासाठी सम्राज्ञीचं सगळं राज्य धडपडतं आहे, ती सम्राज्ञीच्याच भाडोत्री सैनिकांच्या तळावर वाढते आहे. तारणहार सामान्य घरात लपून वाढतो ही कल्पना आपल्याला नवी नाही, गोकुळात वाढलेल्या कृष्णाच्या गोष्टीवर आपण लहानाचे मोठे झालो. पण कृष्णाला नंदाघरी वाढवणाऱ्यांना कंसाचा पगार नव्हता. इथे तो आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस रेवन मुलीला घेऊन नाहीसा होतो, क्रोकरला सगळं उमगतं, आणि तो ते मनातच ठेवतो. झुंज नाही, प्रतिज्ञा नाही. एका नोकरदाराने मालकाला एक गोष्ट सांगितली नाही, इतकंच. पण हुकमाने चालणाऱ्या माणसाच्या आयुष्यात विवेक बहुतेक वेळा याच रूपात येतो. ठराविक समजला गेलेला संकेत कुकने काढून टाकला असता, तर हा पेच उभाच राहिला नसता. भविष्यवाणी खरी असल्यामुळेच क्रोकरच्या गप्प बसण्याला वजन आहे.

या कादंबरीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. क्रोकर म्हणतो की स्वतःला दुष्ट म्हणवणारा कोणी नसतो, सगळे स्वतःला संतच समजतात, आणि कोण बरोबर होतं हे शेवटी जिंकलेल्यांचे इतिहासकार ठरवतात. आम्ही लढतो पैशासाठी आणि नाव देता न येणाऱ्या एका अभिमानासाठी. हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे आणि धोकादायकही. जगातल्या प्रत्येक अत्याचारी सैन्यातल्या शिपायाला हे सोयीचं आहे. कितीतरी वाचक याच वाक्यावर खूश होऊन कादंबरीचं सार म्हणून ते सांगतात. मला वाटतं ते निवेदकाला लेखक समजतात. क्रोकर असं म्हणतो कारण असं म्हटल्याशिवाय त्याला रात्री झोप लागणार नाही. पुस्तक मात्र त्याला डार्लिंगसमोर उभं करतं, आणि तिच्यासमोर दोन्ही बाजू सारख्याच हे तत्त्वज्ञान टिकत नाही. तिसऱ्या भागात उरलीसुरली कंपनी तिच्या बाजूने लढताना दिसते ती त्यामुळेच. शिवाय क्रोकर सगळं लिहितही नाही. पलटणीची काही कृत्यं तो बखरीत घेत नाही, कारण ते त्याचे भाऊ आहेत. बखरकार पक्षपाती आहे हे बखरीतूनच कळावं, ही लेखकाची शिस्त आहे.

दोष आहेतच. पहिल्या भागात लेडी आणि डार्लिंग सोडल्यास ठसा उमटवणाऱ्या स्त्रिया नाहीत. वाक्यं इतकी तुटक आहेत की सुरुवातीच्या पन्नासेक पानांत कोण कुठे आहे हे कळायला मेहनत पडते, आणि काही लढाया नुसत्या नावांच्या गर्दीत हरवतात. हे मान्य करूनही पुस्तक उभं राहतं.

दुसऱ्या भागाबद्दल थोडं. ज्युनिपर हे उत्तरेतलं थंड, दरिद्री शहर. तिथे मॅरन शेड नावाचा एक भित्रा खाणावळवाला सावकाराच्या कर्जात बुडालेला आहे. शहराबाहेर एक काळा किल्ला वाढतो आहे आणि तिथले लोक प्रेतांचे पैसे देतात. काळा किल्ला हा पुन्हा अगदी शाळकरी संकेत. पण कुक विचारतो, त्या किल्ल्याला माल कोण पुरवतं? उत्तर आहे, हिवाळ्यात सरपणाला पैसे नसलेला माणूस. महासंकट सैतानी सैन्याच्या पावलांनी येण्याआधी कर्जबाजारी माणसाच्या हातगाडीवरून येतं. शेडचं पुढे जे होतं ते मला तिन्ही पुस्तकांत सर्वांत जास्त भिडलं.

१९८४ या वर्षाकडे एकदा वळून पाहू. वॉशिंग्टनमध्ये नोव्हेंबर १९८२मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या मृतांचं स्मारक उभं राहिलं. माया लिन या वास्तुकलेच्या विद्यार्थिनीने एकवीस वर्षांच्या वयात त्याचा आराखडा केला होता: काळ्या दगडाची जमिनीत उतरत जाणारी भिंत, आणि तिच्यावर सुमारे ५८ हजार नावं. हुद्दे नाहीत, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने नावं. पुष्कळांना ते अपमानास्पद वाटलं. त्यात शौर्य कुठे आहे, पुतळा कुठे आहे, असा वाद पेटला, आणि तडजोड म्हणून फ्रेडरिक हार्ट यांनी केलेला तीन सैनिकांचा कांस्य पुतळा नोव्हेंबर १९८४मध्ये जवळच उभारला गेला. कुकने हा वाद मनात ठेवून लिहिलं असं मी म्हणणार नाही. पण त्या समाजाला तेव्हा जो प्रश्न सतावत होता, तोच या कादंबरीतही आहे. ज्या युद्धाचा हेतूच संशयास्पद होता, त्यात मेलेल्या शिपायाचं काय करायचं? त्याला वीर म्हटलं तर युद्धालाच पावती मिळते. काहीच म्हटलं नाही तर तो दुसऱ्यांदा मरतो. क्रोकरचं उत्तर भिंतीसारखं आहे: नाव लिहा, कुठे आणि कसा गेला ते लिहा.

भाडोत्री सैनिकाला समाज कसं लक्षात ठेवतो याची इतिहासातली उदाहरणं विचार करायला लावतात. चौदाव्या शतकात इटलीत जॉन हॉकवुड हा इंग्रज सेनानी व्हाइट कंपनी घेऊन या शहराकडून त्या शहराकडे नोकऱ्या करत फिरला. १३७७ साली चेझेना शहरातल्या कत्तलीत त्याच्या लोकांचे हात होते. १४३६मध्ये पाओलो उचेल्लोने फ्लॉरेन्सच्या महामंदिरात त्याचं घोड्यावर बसलेलं भव्य चित्र रंगवलं. आजही ते तिथे आहे. आपल्याकडे आधी निजामाच्या चाकरीत असलेला इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत उभा राहिला, पकडला गेला आणि मारला गेला. पगारी सैनिकाला निष्ठा नसते म्हणणाऱ्याने त्याचं नाव आठवावं.

पानिपताचीच आणखी एक गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाला पाठ असते. नानासाहेब पेशव्यांपर्यंत पराभवाची बातमी सावकारी पत्रातल्या सांकेतिक मजकुरातून पोचली: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्यं म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. मोत्यांवर आणि मोहरांवर आपण भरपूर लिहिलं आहे आणि चांगलं लिहिलं आहे. 'द ब्लॅक कंपनी' ही खुर्द्याची कादंबरी आहे, खुर्द्यातल्याच एकाने लिहिलेली. म्हणूनच मराठीत अद्भुत किंवा युद्धविषयक लिहिणाऱ्याने ती वाचावी असं मला कळकळीने वाटतं.

आपल्याकडच्या चर्चेत सध्या दोन टोकं दिसतात. ऐतिहासिक कादंबरीला लोक पूज्य मानतात, तिथे संकेत मोडला की भावना दुखावतात. अद्भुत कादंबरीला लहान मुलांची समजतात, तिथे संकेत पाळला की परीक्षक नाक मुरडतात. दोन्हीकडे संकेताकडे पाहणं होतं, त्याच्या वापराकडे नाही. परीक्षण लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की तारणहार आला, भविष्यवाणी आली अशी नोंद करून थांबू नका. ती कोणाच्या तोंडून आली, त्यामुळे कोणाला काय निवडावं लागलं, आणि किंमत कोणी मोजली, एवढं लिहा. प्रकाशकांनाही सांगावंसं वाटतं की इंग्रजीतून अद्भुत कादंबऱ्या निवडताना फक्त ज्यांवर मालिका निघाल्या त्यांच्याकडे पाहू नका. चाळीस वर्षं सैनिकांच्या हातात फिरलेलं पुस्तक आधी आणा. कुकच्या चाहत्यांत आजी-माजी सैनिक मोठ्या संख्येने आहेत, आणि सैन्यात माणसं खरोखर जशी वागतात तशी ती इथे वागतात, हे त्यामागचं साधं कारण आहे.

आणि लेखकांना सामग्रीची वाण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यांतून निवडलेले ४५ खंड १९३०च्या दशकापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्या काळच्या कागदांत छावणीतली महागाई आहे, थकलेले पगार आहेत, दाणावैरणीची टंचाई आहे. ज्याला अद्भुत लिहायचं आहे त्याने त्यावर वेताळ चढवावेत, चेटूक चढवावं, पुन्हा जन्म घेणारी राणी आणावी. पगार थकलेल्या बारगिराला मात्र गोष्ट सांगू द्यावी.